नव्या टाकीत गप्पीच्या अंगावर पांढरे ठिपके: आधी औषध द्यावे की मासे वेगळे करावेत?

प्रश्न: पाणवेल

नमस्कार. उबदार गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांची ही माझी पहिलीच टाकी असून ती सुरू करून अजून महिना झालेला नाही. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच आहे. तळाशी बारीक खडी, कोपऱ्यात आत बसवलेला स्पंजचा फिल्टर, २५ अंश सेल्सिअसवर लावलेला हीटर आणि थोड्या जिवंत वनस्पती अशी तिची मांडणी आहे. सध्या तीत सहा निऑन टेट्रा, चार नर गप्पी, तीन टायगर बार्ब, दोन लहान एंजल आणि एक सकर मासा आहे. एंजलची जोडी सर्वांत शेवटी, मागच्या आठवड्यात आणली.

गेल्या काही दिवसांपासून एक गप्पी पर अंगाशी मिटून एकाच जागी थरथरत राहतो आणि मधूनच खडीवर अंग घासतो. काल त्याच्या शेपटीवर व पाठीवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके स्पष्ट दिसले. आज एका एंजलच्या परावरही तसेच दोन ठिपके आहेत. याशिवाय दोन गप्पींच्या शेपट्यांच्या कडा फाटल्या आहेत, पण तेथे पांढरे काही नाही. निऑन पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहतात आणि त्यांचे कल्ले नेहमीपेक्षा वेगाने हलताना दिसतात. पाणी मात्र पूर्ण नितळ आहे. फिल्टरचा स्पंज मागच्या आठवड्यात नळाखाली स्वच्छ धुऊन परत बसवला होता.

हे ठिपके कोणत्या रोगाचे आहेत आणि त्यावर लगेच औषध द्यावे का? शेपट्या फाटणे हा त्याच रोगाचा भाग आहे का? शिवाय हे मासे मुळात एकत्र राहू शकतात का, आणि सर्व सुरळीत झाल्यावर याच टाकीत गोल्डफिश किंवा फायटर ठेवता येईल का, हेही कृपया सांगावे.

उत्तर: निरीक्षक

आपण केलेले वर्णन पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाशी, म्हणजे सर्वजण ज्याला ‘इक’ म्हणतात त्याच्याशी जुळते. तरीही औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी पाण्याची चाचणी करावी, असा माझा आग्रह आहे, कारण आपल्या वर्णनात दोन वेगवेगळी संकटे एकत्र आलेली दिसतात आणि त्यांतील एकावर कोणतेही औषध चालत नाही.

पहिले संकट पाण्याचे आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात, आणि विष्ठा व उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये व खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. आपली टाकी त्याच काळात आहे, तीत सोळा मासे आहेत, आणि स्पंज क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुतला गेल्यामुळे जे थोडे जिवाणू जमले असतील त्यांतील बरेच नष्ट झाले असण्याची शक्यता आहे. अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पाण्याच्या नितळपणावरून त्यांची पारख होत नाही. निऑनचा जलद श्वास आणि पृष्ठभागाकडे धाव घेणे हे मला इकपेक्षाही अधिक काळजीचे वाटते, अर्थात कल्ल्यांवर इक असला तरीही हेच लक्षण दिसते.

दुसरे संकट परजीवीचे. इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस हा एकपेशीय जीव माशाच्या त्वचेच्या बाह्य थराखाली राहतो. दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे त्वचेच्या आड वाढणारा एक परजीवी असतो, आणि तेथे असेपर्यंत पाण्यातील औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो माशाला सोडतो, खडीला किंवा पानाला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो आणि विभाजनाने शेकडो नवी पिल्ले पाण्यात सोडतो. या पिल्लांना दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. उपचाराचा परिणाम होतो तो केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून ठिपके दिसेनासे होणे आणि रोग जाणे यांत फार अंतर आहे, आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार हेच इक परत येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण असते.

ओळख पटवताना एक दक्षता घ्यावी. इकचे ठिपके सुटे, गोल आणि किंचित उठावदार असतात. तोंडाभोवती किंवा पाठीवर राखाडी-पांढरा, कडा अस्पष्ट असलेला चट्टा दिसला तर तो बहुधा कॉलमनॅरिस नावाच्या जिवाणूजन्य रोगाचा असतो, आणि जखमेवर कापसासारखे तंतू वाढले असतील तर ती बुरशी असते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण इकवर पाण्याचे तापमान वाढवण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो आणि कॉलमनॅरिस मात्र उष्णतेने झपाट्याने बळावतो. आपल्या फाटलेल्या शेपट्यांविषयी माझा अंदाज वेगळा आहे: कडेला पांढरी किंवा लालसर रेघ नसेल तर ते कुरतडणे आहे, रोग नव्हे, आणि संशय टायगर बार्बवर जातो.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पाण्याचा सामू (पीएच) मोजून येथे कळवावे. तोपर्यंत क्लोरीन काढून टाकणारे द्रव मिसळलेले, त्याच तापमानाचे पाणी घेऊन एक तृतीयांश पाणी बदलावे, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावावा आणि आज खाद्य देऊ नये. प्रौढ मासे एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने त्यांचे काही बिघडत नाही, आणि अमोनिया मात्र तेवढा कमी तयार होतो.

पाणवेल

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पाणी बदलण्यापूर्वी द्रव चाचणी संचाने घेतलेले आकडे असे आहेत: अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम, नायट्राइट १ मिलिग्रॅम, नायट्रेट १० मिलिग्रॅम, सामू ७.८. ठिपके सुटे व गोलच आहेत, कोठेही चट्टा नाही. शेपट्यांच्या कडांना रेघ नाही, आणि आपण सांगितल्यावर लक्ष ठेवले तेव्हा बार्ब गप्पींच्या शेपटीला तोंड लावताना दिसले. तापमान ३० अंशांपर्यंत वाढवून मीठ घालावे, असा सल्ला एका ओळखीच्या व्यक्तीने दिला आहे. तो आज अमलात आणावा का?

उत्तर: संथप्रवाह

मीठ घालावे, पण ३० अंशांचा विचार आज मुळीच करू नये. या सल्ल्यात तत्त्वतः चूक नाही, कारण उष्णतेने परजीवीचे जीवनचक्र वेगाने पुरे होते आणि तो औषधाच्या टप्प्यात लवकर येतो, परंतु आपल्या आकड्यांकडे पाहता आज तो माशांना सोसवणार नाही.

चाचणीत दिसणारा अमोनिया एकूण असतो. त्यातील विषारी भाग किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू ७.८ असताना हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाते, आणि तापमान ३० केले तर ते पाच टक्क्यांजवळ पोहोचते. आपल्याकडे आजच लिटरला सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे विषारी रूपातील अमोनिया आहे, आणि ०.०२ च्या पुढे तो दीर्घकाळ राहणे हानिकारक मानले जाते. दुसरीकडे, पाणी तापले की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू घटतो: २५ अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.६. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते, त्यामुळे आहे तो प्राणवायूही माशाला पुरेसा वाहून नेता येत नाही. इकने कल्ले सुजलेले असताना हा तिहेरी ताण आणखी वाढवणे म्हणजे मासा रोगाने नव्हे तर उपचाराने दगावणे. तापमान २६ अंशांवर स्थिर ठेवावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर, हवा भरपूर खेळती ठेवून, ते दिवसाला एका अंशाने २८ पर्यंत नेता येईल. त्यापुढे निऑनसाठी मी जाणार नाही.

मिठाचा आपल्याला दुहेरी उपयोग आहे. मिठातील क्लोराइड आणि नायट्राइट माशाच्या कल्ल्यांमधून एकाच मार्गाने आत शिरतात, त्यामुळे क्लोराइड पुरेसे असले की नायट्राइट आत जाण्यास अटकाव होतो. त्यासाठी लिटरला अर्धा ग्रॅम साधे मीठही भरपूर झाले. इकसाठी ते प्रमाण दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने लिटरला १ ते २ ग्रॅमपर्यंत न्यावे. गप्पी हे सहज सोसतात, निऑन आणि सकर मासा कमी सोसतात, आणि काही वनस्पती मरगळतील. मीठ नेहमी टाकीतल्याच पाण्यात विरघळवून हळूहळू ओतावे. ते बाष्पीभवनाने उडून जात नाही, म्हणून घटलेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने करावी आणि पाणी बदलताना मात्र जेवढे पाणी काढले तेवढ्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे. या हिशेबात गडबड झाली की आठवड्याभरात प्रमाण नकळत दुप्पट होते.

हिशेबावरून आणखी एक आवश्यक मुद्दा. आपल्या टाकीची मापे गुणली तर सुमारे ६५ लिटर येतात, पण खडीचा थर आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आसपास असेल. मीठ आणि औषध या दोन्हींची मात्रा ५० लिटरवरच काढावी.

औषधांपैकी मॅलाकाइट ग्रीन, एकटे किंवा फॉर्मेलिनसह, हे इकवर सर्वाधिक वापरले जाते आणि ते प्रभावीही आहे. पण निऑनसारखे लहान टेट्रा आणि खवले नसलेले किंवा नाजूक त्वचेचे तळमासे त्याच्या पूर्ण मात्रेने त्रासतात. वेष्टनावर अशा माशांसाठी कमी मात्रा दिलेली असेल तर तीच घ्यावी. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो आधी काढावा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. हातमोजे घालावेत, कारण हे रसायन माणसालाही अपायकारक आहे आणि खाण्याच्या माशांवर त्याचा वापर अनेक देशांत निषिद्ध आहे. मिथिलीन ब्ल्यू हे निळे औषध मुख्य टाकीत घालू नये, कारण ते फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाच मारते आणि आपल्याला आज त्यांचीच सर्वाधिक गरज आहे.

क्रम असा ठेवावा: आज अर्धे पाणी बदलून मीठ सुरू करावे, उद्या पुन्हा चाचणी घेऊन एक तृतीयांश पाणी बदलावे, आणि निऑनचा श्वास थोडा स्थिरावला की औषधाची पहिली मात्रा द्यावी. त्या दरम्यान एक-दोन ठिपके वाढले तरी घाबरून दुसरे औषध त्यात मिसळू नये.

उत्तर: तळवासी

आजारावर वरील दोघांनी पुरेसे सांगितले आहे, म्हणून मी केवळ सहवासाविषयी लिहितो. माझ्या मते आपल्या टाकीतील रोगाला या चुकीच्या सहवासाचाही हातभार लागला आहे. सतत पाठलाग आणि कुरतडणे सोसणाऱ्या माशाची प्रतिकारशक्ती घटते, आणि नव्या माशांबरोबर आलेला परजीवी अशाच माशावर आधी फोफावतो.

दोन जाती एकत्र राहतील का, हे ठरवताना बहुतेक जण स्वभावापासून सुरुवात करतात. मी आधी पाणी पाहतो, मग प्रौढ वयातील आकार आणि शेवटी स्वभाव. गोल्डफिशचा प्रश्न पहिल्याच पायरीवर निकालात निघतो. तो थंड पाण्याचा मासा आहे, १८ ते २२ अंशांत सुखाने राहतो, फार विष्ठा करतो आणि ५० लिटरमध्ये त्याची नीट वाढ होत नाही. त्याला उबदार टाकीत ठेवू नये.

आकाराच्या पायरीवर एंजल आणि सकर मासा बाहेर पडतात. आज नाण्याएवढे दिसणारे एंजल १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि परांसह त्यांची उंची त्याहूनही अधिक होते. आपल्या टाकीत पाण्याची उंचीच जेमतेम २८ ते ३० सेंटिमीटर आहे. शिवाय निऑन हे एंजलचे नैसर्गिक खाद्य आहे. दोघांचाही मूळ अधिवास अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आहे, आणि पूर्ण वाढलेला एंजल तोंडात मावेल तो निऑन गिळतो. लहानपणी ते एकत्र शांत पोहताना दिसतात, त्यामुळे फसगत होते. सकर मासा म्हणून सर्वत्र विकला जाणारा प्लेको ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि तो शेवाळ खाऊन जेवढी सफाई करतो त्याहून अधिक विष्ठा टाकतो.

टायगर बार्बचा मुद्दा स्वभावाचा आहे, पण तो थोडा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. हा मासा दुष्ट नाही. तो थव्यात राहतो आणि थव्यातील वरचढपणा एकमेकांना टोचून, पाठलाग करून ठरवतो. आठ-दहांच्या थव्यात ही ऊर्जा आपसांत खर्च होते. तीनच बार्ब असले की ती बाहेर वळते, आणि संथ पोहणारा, लांब झुलत्या शेपटीचा गप्पी त्यांच्यासमोर असेल तर त्याची शेपूट शाबूत राहणे कठीणच आहे. फायटर याच कारणाने बार्बसोबत चालणार नाही. तो गप्पींसोबतही ठेवू नये, कारण रंगीत मोठ्या शेपटीच्या नर गप्पीला तो अनेकदा दुसरा फायटर समजून हल्ला करतो.

आता निवड करावी लागेल. आपला सामू ७.८ आहे आणि पाणी बहुधा कठीण असावे. गप्पी आणि त्यांच्याच कुळातील प्लॅटी यांना असेच पाणी मानवते. म्हणून मी गप्पी केंद्रस्थानी ठेवीन. केवळ नर ठेवणे हा सोपा मार्ग आहे, कारण एकच मादी आणली तरी ती साठवलेल्या शुक्राणूंवर अनेक महिने, साधारण दर चार आठवड्यांनी, पिल्ले देत राहू शकते. निऑन मूळचे मऊ, आम्लधर्मी पाण्यातले असले तरी संवर्धन केंद्रांत वाढलेले निऑन मध्यम कठीण पाण्यात जगतात. त्यांची संख्या पुढे आठ-दहापर्यंत वाढवल्यास ते अधिक निर्भयपणे वावरतील. तळासाठी कॉरिडोरस जातीचे सहा लहान तळमासे सुंदर दिसतात, पण त्यांच्या मिशा टोकदार खडीने झिजतात, म्हणून आधी तळाच्या काही भागात बारीक वाळू घालावी. शेवाळासाठी सकर माशाऐवजी नेराइट गोगलगाय ठेवता येईल. तिची पिल्ले गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे संख्या आवाक्यात राहते. मात्र तांबेयुक्त औषध कधी वापरले असेल तर गोगलगाय आणू नये.

बार्ब, एंजल आणि सकर मासा योग्य ठिकाणी देऊन टाकावेत, पण आज नव्हे. परजीवी संपूर्ण टाकीत पसरलेला आहे, आणि ठिपके न दिसणारा मासाही तो दुसऱ्याच्या टाकीत घेऊन जाईल. तोपर्यंत बार्बांना हीटर व हवा दिलेल्या स्वतंत्र टबात ठेवून तेथेही तोच उपचार करावा. मुख्य टाकीवरील अमोनियाचा भारही त्यामुळे हलका होईल. टबाची जाळी व नळी वेगळी ठेवावी. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये, आणि हाताला जखम असेल तर हातमोज्याशिवाय हात पाण्यात घालू नये, कारण माशांमधील मायकोबॅक्टेरियम मॅरिनम या जिवाणूचा माणसाच्या त्वचेलाही संसर्ग होतो.

यापुढे आणलेला प्रत्येक मासा दोन ते चार आठवडे अशाच स्वतंत्र टबात निरीक्षणाखाली राहिला पाहिजे. यात मी कोणालाही सवलत सुचवत नाही.

पाणवेल

तिन्ही सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व केले. बार्ब टबात आहेत, अमोनिया शून्यावर आला आहे आणि नायट्राइट ०.२५ आहे. निऑन पुन्हा मधल्या थरात पोहू लागले आहेत. आज गप्पीच्या अंगावर एकही ठिपका नाही. औषध आता थांबवावे का? आणि एक नवी शंका: पहाटे दिवा लावला तेव्हा सर्व निऑन फिके, जवळजवळ रंगहीन दिसले. हा औषधाचा परिणाम आहे का?

उत्तर: निरीक्षक

औषध थांबवू नये. गप्पीवरचे ठिपके गेले, याचा अर्थ ते परजीवी आता खडीत गेले आहेत आणि तेथे विभाजित होत आहेत, म्हणजे औषधाची खरी गरज याच दिवसांत आहे. २६ अंशांना जीवनचक्र साधारणपणे आठवड्याच्या आत पुरे होते, तरी सर्व परजीवी एकाच वेळी सुटत नाहीत. त्यामुळे टाकीतील आणि टबातील कोणत्याही माशावर शेवटचा ठिपका दिसल्यानंतर किमान एक आठवडा वेष्टनावरील वेळापत्रकाप्रमाणे मात्रा चालू ठेवाव्यात. एंजलची परे बाजूने उजेड टाकून तपासावीत. पारदर्शक परांवर ठिपका लवकर दिसतो. नायट्राइट शून्य होईपर्यंत रोजची चाचणी आणि थोडे पाणी बदलणे चालू ठेवावे, आणि खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. स्पंज मळला तर तो बदलीसाठी काढलेल्या टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळावा.

निऑनच्या रंगाबद्दल निश्चिंत असावे. अंधारात निऑनचा रंग फिका होणे नैसर्गिक आहे. दिवा लागल्यानंतर अर्ध्या तासात निळी रेघ परत उजळते. काळजी करावी ती वेगळ्या दृश्याची: एखाद्याच निऑनच्या अंगावर पांढुरका पट्टा दिवसाही कायम राहिला, तो थवा सोडून एकटा पोहू लागला आणि त्याची पाठ वाकलेली किंवा पोट खपाटीला गेलेले दिसले, तर ते निऑन टेट्रा रोगाचे लक्षण असू शकते. तो प्लायस्टोफोरा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि त्यावर खात्रीचा उपचार उपलब्ध नाही. असा मासा लगेच वेगळा करावा, आणि मेलेला मासा टाकीत क्षणभरही राहू देऊ नये, कारण इतर निऑन त्याला कुरतडतात आणि रोग तसाच पसरतो.

उपचाराचा आठवडा संपला की अर्धे पाणी बदलून फिल्टरमध्ये नवा कार्बन ठेवावा. जुना कार्बन पुन्हा वापरू नये. मीठ एकदम काढण्याची घाई नको. नेहमीच्या बदलीत साधे पाणी घालत गेल्यास ते आपोआप कमी होत जाईल, आणि निऑनलाही तो सावकाश बदलच सोसतो.